मिशी, मास्क आणि मालवण

द्राक्षबागायतदार आणि समुद्र यांची भेट क्वचितच होते, आणि याला अंतरापेक्षा पंचांग अधिक जबाबदार आहे. तासगावहून सांगली, कोल्हापूर, राधानगरी आणि फोंडा घाट या मार्गाने मालवण सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर आहे, म्हणजे पहाटे निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला समुद्रासमोर बसू शकतो. परंतु तो पहाटे निघणार कधी, हा खरा प्रश्न असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, त्यानंतर दावण्या आणि भुरी या दोन बुरशीजन्य रोगांशी फवारणीचे युद्ध सुरू होते, जानेवारीपासून काढणी लागते, फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड भरू लागते आणि ती रिकामी होते न होते तोच एप्रिलात खरडछाटणी येऊन उभी राहते, अशी ही अखंड साखळी असून तीत थोडी उसंत मिळते ती जुलै-ऑगस्टात. नेमक्या याच काळात समुद्र बंद असतो. मालवण किनाऱ्यावरील जलक्रीडा आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या साधारणपणे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबवल्या जातात, आणि पाण्याखालचे काही दिसावे इतके पाणी नितळ असते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, म्हणजे बागायतदार औषधाच्या पंपाशी बांधलेला असतो तेव्हा. प्रस्तुत सहल मार्चच्या आरंभी निघाली, याचा अर्थ इतकाच की दोन्ही पंचांगांना सारखीच गैरसोयीची असलेली तिथी अखेर सापडली.

सहलीचे मूळ मात्र कॅरिबियन समुद्रात आहे. तासगावहून सहलीला निघालेल्या मंडळातील ज्येष्ठ बेदाणा उत्पादक, ज्यांना सगळे गाव मामा म्हणते, यांचा भाचा अमेरिकेत असतो, आणि त्याने सुटीत कॅटामरानमधून केलेल्या दिवसभराच्या सहलीची छायाचित्रे घरच्या समूहावर पाठवली. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद तळ समांतर ठेवून त्यांवर एकच मंच टाकलेली नौका. ती रुंद असल्याने कमी डोलते आणि उथळ पाण्यातही जाऊ शकते. त्या भागात ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ एका चालीने वाहत असल्यामुळे, शिडावर चालणारी नौका सकाळी अमुक वाजता निघेल आणि तमुक वाजता परत येईल, असे छापील वेळापत्रक तेथे देता येते. सेंट क्रॉय बेटालगतच्या बक आयलंडला 1961 साली राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला असून तेथील प्रवाळात पोहणाऱ्यांना माहिती देण्यासाठी पाण्याखालीच पाट्या लावलेल्या आहेत, ही भाच्याने पुरवलेली माहिती मामांना विशेष लागली. ‘पाण्याखाली पाट्या लावल्यात त्येंनी, आन् आपल्या फाट्यावरची पाटी पडलीया ती कुणी उचलंना,’ एवढा शेरा मारून त्यांनी तत्काळ असे जाहीर केले की हे सगळे मालवणात होते, निम्म्या पैशात होते आणि तिकडे माणसे आपली आहेत. या विधानातील तिन्ही कलमे पुढे तपासली गेली व ती कमीअधिक प्रमाणात खरी ठरली, पण तोवर वेळ बराच गेला होता.

येथे स्नॉर्केलिंग या संज्ञेचा अर्थ सांगणे आवश्यक आहे, कारण मंडळातील बहुतेकांनी तो सहल ठरल्यानंतर विचारला. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात वाकडी नळी धरून, पालथे तरंगत पाण्याखालचे दृश्य पाहणे म्हणजे स्नॉर्केलिंग. यात मनुष्य पाण्याच्या पृष्ठभागावरच राहतो आणि नळीचे वरचे टोक हवेत असते. स्कूबा डायव्हिंगमध्ये तो पाठीवर दाबाखालील हवेची टाकी घेऊन खाली जातो. मालवणात पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून काही मिनिटे खाली नेतो व वर आणतो, आणि जाहिरातीत बहुधा स्कूबाच मोठ्या अक्षरांत असते. स्नॉर्केलिंग त्याच्या शेपटाला बारीक टाइपात येते. मंडळाने स्नॉर्केलिंग निवडले ते अभिरुचीमुळे असे इतिवृत्तात नोंदलेले असले, तरी टाकीचे वजन ऐकल्यावर झालेली शांतता ज्यांनी अनुभवली त्यांना खरे कारण ठाऊक आहे.

तासगाव परिसरात पोहणे ही विहिरीत शिकण्याची विद्या आहे. येरळा नदी वर्षातील बरेच महिने वाळूच दाखवीत असल्यामुळे तिच्यावर विसंबून कोणी पोहणारा झाल्याचे उदाहरण विरळा. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून मुलाला विहिरीत ढकलत, आणि आत्मविश्वास आला की डबा काढून घेत, अशी ही परंपरा. प्रस्तुत लेखक ज्या डब्याच्या आधाराने पोहू लागला तो गोडेतेलाचा होता. डबा सोडण्याची वेळ आली तेव्हा त्याने विहीर सोडली, आणि त्यानंतर पाण्याशी त्याचा संबंध तांब्यापुरता उरला. अशा मनुष्यावर सहलीच्या निवडीचे काम सोपवण्यात आले, कारण त्याचे अक्षर चांगले होते.

नळीच्या लांबीचा प्रश्न मंडळातील अडत्यांनी काढला. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानातून सौद्याला लावून त्यावर अडत घेणारा व्यापारी. या व्यवसायात ‘एवढीच का’ हा प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारण्याची सवय लागते. स्नॉर्केलची नळी सुमारे 35 ते 40 सेंटिमीटरांची असते असे समजताच त्यांनी सुचवले की शेडात ठिबकची सोळा एमएमची नळी चिक्कार पडली आहे, ती वीस फूट लावली तर तळाला बसून निवांत बघता येईल आणि टाकीचे भाडे वाचेल. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या गुरुजींनी या सूचनेचे खंडन बेदाण्याच्या खोक्याच्या झाकणावर आकृती काढून केले. पाण्यात दर दहा मीटरांना दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे मीटरभर खोलीवरही छातीवर पाण्याचा इतका भार पडतो की वरच्या साध्या हवेला आत ओढून घेणे बरगड्यांच्या स्नायूंना जड जाते, आणि नळी लांब केली की बाहेर टाकलेली शिळी हवा नळीतच राहून पुन्हा आत येते. अडत्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि ‘मग वर मोटर बसवा’ असे उत्तर दिले. वस्तुतः वरून पंपाने हवा पुरवून पाणबुड्याला खाली ठेवण्याची पद्धत जगात फार जुनी आहे, त्यामुळे या बिंदूपाशी अडते आणि अभियांत्रिकीचा इतिहास एकाच ठिकाणी पोहोचले होते. परंतु गुरुजींनी झाकण उलटे करून ठेवले व विषय बंद केला.

यानंतर प्रत्यक्ष निवड सुरू झाली, आणि सहलीतील सर्वांत दीर्घ प्रवास हाच ठरला. मालवणच्या परिसरात ढोबळमानाने चार प्रकारच्या सहली मिळतात. पहिली, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ उथळ पाण्यात नेणारी, जी सकाळी निघून काही तासांत परत येते. दुसरी, देवबागकडची, जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. तीत डॉल्फिन पाहणे, संगमावरचे वाळूचे बेट आणि केळ्याच्या आकाराच्या रबरी तराफ्यावर बसून मुद्दाम पाण्यात पडणे यांचा समावेश असतो. तिसरी, निवतीच्या समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स या खडकांकडची, जेथे दीपगृह आहे, पाणी अधिक खोल आहे आणि वाट उघड्या समुद्रातून जाते. चौथ्या प्रकारात वरच्या तिन्ही सहली एका दिवसात करून देण्याचे आश्वासन असते आणि त्यासाठी दिवस किती तासांचा धरला आहे, हे सांगितले जात नाही.

तासगावच्या बाजारात बेदाण्याचा सौदा होताना खरेदीदार आधी रंग पाहतो, मग मण्याचा आकार, मग देठ किती राहिले ते, आणि शेवटी चार मणी तोंडात टाकून गोडी. आणि हे सर्व करताना चेहऱ्यावर माल अगदीच सामान्य असल्याचा भाव ठेवतो. हीच रीत दूरध्वनीवरून समुद्राला लावण्यात आली. मंडळाने पाण्याचा रंग विचारला, माशांचा आकार विचारला, आणि चव पाहण्याची सोय नसल्यामुळे नाश्त्यात काय मिळेल हे विचारले. नाश्त्याच्या प्रश्नावर दोन तट पडले. गुरुजी माळकरी असल्याने त्यांनी अशी भूमिका घेतली की जो मासा ताटात घेतो त्याला तो पाण्यात पाहून हरखण्याचा नैतिक अधिकार नाही. मामांचे म्हणणे असे की ज्याने सुरमई खाल्ली नाही त्याला समोरून सुरमई गेली तरी कळणार कसे. मामींनी या वादात वाराचा मुद्दा आणला. सोमवार, गुरुवार आणि शनिवार वगळल्यावर, त्यातून शेडवरच्या मजुरांच्या पगाराचा दिवस काढल्यावर आणि सोबत येणाऱ्या मामांच्या भाचीचे महाविद्यालय लक्षात घेतल्यावर सहलीसाठी आठवड्यात जे उरले ते पाहून गुरुजींनीच ‘समुद्राला आपण कळवून टाकू’ असे उद्गार काढले.

शिडाच्या होडीचा हट्ट मामांनी शेवटपर्यंत धरला, कारण भाच्याच्या छायाचित्रात शीड होते. मालवणच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, दूरध्वनीवर हे ऐकून घेतले आणि विचारले, ‘शीड आमच्या आज्यान काढून ठेवल्यान. आता इंजिन आसा. तुमका शीड कित्याक व्हया?’ या प्रश्नाला मंडळाकडे उत्तर नव्हते, आणि खरे तर किनाऱ्याच्या इतिहासात ते आहे. मराठ्यांच्या आरमारातील गुराबा आणि गलबते प्रामुख्याने वाऱ्यावर चालत, आणि कोकणचा वारा दिवसातून दोनदा मन बदलतो: रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे, यांची व्याख्या भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेली असली तरी तिचा उपयोग होडी बाहेर काढण्यासाठी आणि घरी परतण्यासाठी होतो हे वर्गात कोणी सांगत नाही. ज्याला उदरनिर्वाहासाठी रोज समुद्रात जावे लागते त्याने इंजिन मिळताच शीड गुंडाळून ठेवले, यात हळहळण्यासारखे काही नाही. शीड आता फुरसतीच्या माणसासाठी उरले आहे आणि कॅरिबियन समुद्रात त्याचे जेवणासह पैसे घेतले जातात.

अखेर पहिल्या प्रकारची सहल निवडण्यात आली. वेंगुर्ला रॉक्स रद्द झाले ते मामींनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे, जो होडीवर प्रसाधनगृह आहे का असा होता. देवबाग रद्द झाले कारण पैसे देऊन पाण्यात पडण्याला गुरुजींनी तत्त्वतः विरोध केला. आणि चौथा प्रकार अडत्यांनी फेटाळला, कारण एकाच खोक्यात तीन प्रतींचा माल भरणाऱ्यावर ते धंद्यातही विश्वास ठेवीत नाहीत.

या सगळ्या चौकशीत दोन प्रश्न कोणीही विचारले नाहीत, आणि येथे लेखकाचा तोल थोडा सुटला तर तो समर्थनीय मानावा. जीवरक्षक जाकिटे माणसागणिक आहेत का आणि ती निघाल्यापासून उतरेपर्यंत अंगावर राहतील का, हा पहिला प्रश्न. होडीत किती माणसांना परवानगी आहे आणि प्रत्यक्षात किती बसवणार, हा दुसरा. 24 मे 2022 रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ही बातमी त्या वेळी सगळ्यांनी वाचली होती, हळहळही व्यक्त केली होती. तरीही डझनभर दूरध्वनींत पोहे की उपमा हे ठरले, शंभर रुपये कमी करून घेतले गेले, आणि जाकिटाबद्दल जो काही उल्लेख झाला तो एवढाच की ते छायाचित्रात फुगीर दिसते. स्वस्त सहल शोधणाऱ्या गिऱ्हाइकानेच होडीवाल्याला आणखी दोन माणसे कोंबायला लावलेले असते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी ऐकवीत नाही. निवडलेल्या तांडेलाने न विचारता जाकिटे मोजून दिली आणि बंद स्वतः ओढून पाहिले, हे मंडळाचे नशीब. त्यात मंडळाची हुशारी काहीही नव्हती.

प्रवासाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. राधानगरीच्या पुढे दाजीपूरचे जंगल लागते, ते सुंदर आहे असे चालकाने सांगितले. फोंडा घाटात भाचीला मळमळले म्हणून तिला बेदाणे देण्यात आले, आणि ते तासगावचे असल्यामुळे मंडळाला औषधावर पूर्ण श्रद्धा होती. सिंधुदुर्ग किल्ला, ज्याचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर घातला गेला, तो आदल्या संध्याकाळी शेवटच्या होडीने पाहून झाला. इतर पर्यटक तटावरून समुद्र पाहत असताना तासगावची मंडळी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींभोवती गोळा झाली होती. चहूकडे खारे पाणी असताना या तीन विहिरींचे पाणी गोड आहे, ही गोष्ट ज्या तालुक्यात बोअर मारताना नारळ हातावर उभा धरून पाणी शोधतात तेथील माणसाला तटबंदीपेक्षा मोठी वाटते. किती फुटाला पाणी लागले, उन्हाळ्यात किती उतरते आणि पाणी दाखवणारा कोण होता, हे तीन प्रश्न मामांनी वाटाड्याला विचारले. वाटाड्याने पहिल्या दोहोंची उत्तरे टाळली आणि तिसऱ्याला महाराजांचे नाव घेतले. होडीची वेळ झाल्यामुळे बाकीचा किल्ला घाईत उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खारे वारे सुटण्याच्या पुष्कळ आधी, होडी किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नांगरली गेली. हा सर्व भाग 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात येतो, ज्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. येथे प्रवाळ आहे, परंतु ते कॅरिबियन छायाचित्रांसारखे सलग रंगीत नसून खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेले आहे, आणि ते पाहण्यासाठी डोळ्यांवर नीट बसणारा मास्क लागतो. येथपर्यंत येऊन प्रस्तुत लेखकाच्या मिशीचा प्रश्न उभा राहिला.

मास्क पाणी अडवतो तो त्याच्या कडेच्या मऊ सिलिकॉनमुळे, जे कपाळ, गाल आणि वरचा ओठ यांना चिकटून बसते. कातडी गुळगुळीत असेल तर ही चिकटण पक्की होते. मध्ये केस आले तर प्रत्येक केसाशेजारी एक बारीक पाट तयार होतो आणि पाणी त्यातून आत येते. प्रस्तुत लेखकाची मिशी पाटबंधारे खात्याला हेवा वाटावा इतकी पाटांनी समृद्ध आहे. ती त्याच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलेली असून शाळेच्या दाखल्यावर ओळखीची खूण म्हणून तिचा उल्लेख नाही तो केवळ वयामुळे. तो पाण्यात उतरला, त्याने पालथे होऊन चेहरा बुडवला, एक पिवळा पट्टेरी मासा त्याच्याकडे येताना दिसला, आणि त्याच क्षणी समुद्र नाकाच्या बाजूने मास्कमध्ये शिरू लागला. मासा अर्धा दिसेनासा झाला. मग पूर्ण दिसेनासा झाला. लेखकाने विहिरीतील जुन्या सवयीनुसार पाठीमागे हात नेऊन डबा चाचपला, तो तेथे नव्हता, आणि पुढील काही क्षणांत त्याने जी हालचाल केली तिला मामींनी नंतर ‘म्हैस गाळात रुतल्यावानी’ असे संबोधले.

होडीवर त्याला ओढून घेण्यात आले आणि भर समुद्रात मंडळाची तातडीची बैठक झाली. होडीवरच्या मुलाने शांतपणे सांगितले की हे नेहमीचे आहे, मिशीवाल्यांचे असेच होते, आणि यावर दोनच उपाय आहेत: व्हॅसलीन किंवा वस्तरा. व्हॅसलीन कालच संपले होते. वस्तरा या शब्दावर लेखकाने जो चेहरा केला तो पाहून तांडेल म्हणाला, ‘घाबरू नकात, होडयेर न्हावी नाय.’ अडत्यांनी पर्याय सुचवला की मामींच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे, तिच्यावर तेल सुटलेले आहे, ते मिशीला चोळावे. ही सूचना तेलाच्या गुणधर्मांचा विचार केल्यास चुकीची नव्हती. स्निग्ध पदार्थ केसांमधल्या फटी बुजवतो व पाणी अडवतो, आणि व्हॅसलीनचे कामही तेच आहे. परंतु त्या तेलात तिखट उतरलेले असते, मास्कच्या आत डोळेही असतात, आणि बंद काचेत तिखट गेलेला मनुष्य समुद्राच्या कोणत्या दिशेला निघेल याचा अंदाज भूगोलाच्या शिक्षकालाही देता येत नाही, असे गुरुजींनी निदर्शनास आणले. मामांनी मध्यममार्ग म्हणून अर्धीच मिशी काढावी असे सुचवले. त्यावर मतदान झाले नाही.

शेवटी भाचीने आपल्या पिशवीतून ओठांना लावायची मेणाची कांडी काढली. ती स्ट्रॉबेरीच्या वासाची होती. तीन पिढ्यांच्या मिशीला होडीवर सर्वांदेखत गुलाबी मेण चोळण्यात आले, आणि त्या वेळी शेजारच्या होडीतील पुण्याकडच्या पर्यटकांनी छायाचित्रे काढली. उपाय मात्र लागू पडला. संपूर्णपणे पडला असे म्हणता येत नाही, कारण नाकाशी बोटभर पाणी साचतच राहिले. पण मास्कची खालची कड थोडी उचलून ते सांडता येते हे कळल्यावर लेखकाला समुद्रात राहून स्वतःचा एक छोटा खाजगी समुद्र सांभाळता येऊ लागला.

पाण्यात दिसणारी वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि एकचतुर्थांशाने जवळ भासते, कारण पाण्यातून काचेमागील हवेत येताना प्रकाशाची दिशा वळते. तासगावात चार किलो द्राक्षांचा वाळून एक किलो बेदाणा होतो, म्हणजे डोळ्यांदेखत वस्तू लहान होत जाण्याची तेथील माणसाला सवय असते. त्यामुळे उलट दिशेने फुगवून दाखवणाऱ्या या व्यवहारावर अडत्यांनी साहजिकच संशय घेतला आणि पाण्याबाहेर आल्यावर सगळ्या माशांच्या लांबीतून सरसकट तूट कापली. सर्वांत धीट मासे होते ते अंगावर पाच काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर. ते माणसाला भीत नाहीत याचे कारण पाव आहे. होडीवरून पावाचे तुकडे टाकले जातात, मासे झुंडीने येतात, चित्रफीत चांगली निघते, आणि ज्या माशांनी पाण्यातले बारीक जीव आणि खडकावरचे शेवाळ खायचे ते बेकरीच्या वेळापत्रकावर जगू लागतात. अभयारण्यात पाव विकण्यासाठी माणूस उभा आहे, हे पाहून गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर मुलांना ‘प्राण्यांना अन्न द्यावे’ असे निबंध लिहायला लावले, प्रथमच काही बोलले नाहीत. त्यांनी मंडळाच्या वाट्याचा पाव पिशवीत भरला व तो नंतर स्वतः चहाबरोबर खाल्ला.

मामी या काळात कुठे होत्या याची इतिवृत्तात नोंद नाही. त्या माहेरच्या विहिरीत भोपळ्यावर पोहायला शिकलेल्या असल्याने जाकीट बांधून, पदर खोचून सहज उतरल्या होत्या आणि बऱ्याच वेळाने वर येऊन त्यांनी चटणीचा डबा सुरक्षित असल्याची खात्री करून घेतली.

मामांचा दूरध्वनी वाजला तेव्हा लेखकाच्या मिशीवर मेणाचा दुसरा हात चालू होता. मामांनी तो गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या जलरोधक पिशवीतूनच घेतला, त्यामुळे संभाषण सगळ्या होडीने ऐकले. शेडवरचा गडी सांगत होता की सकाळपासून आभाळ भरून आले आहे आणि वारा पडला आहे. बेदाणा करताना द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या द्रावणात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर फुटून पाणी लवकर निघून जाते, आणि मग जाळीच्या मजल्यांवर सावलीत पसरून ते साधारण दोन आठवडे वाळवतात. या दोन आठवड्यांत एक अवकाळी पाऊस, किंवा नुसती दमट हवा, पुरेशी असते. मणी काळवंडतो, चिकटतो, बुरशी धरतो, आणि छाटणीपासूनच्या सगळ्या वर्षाची प्रत एका रात्रीत उतरते. मामा होडीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ‘कडंचं कागद सोडा. पयल्या मजल्याचं आधी. रॅकला हात लावू नगा, कागद सोडा,’ असे ते ओरडत होते आणि समोर निळेभोर, स्वच्छ, निरभ्र आकाश होते, ज्याच्याकडे ते रागाने पाहत होते. होडीवर कोणी हसले नाही. मेणाची कांडी भाचीच्या हातात तशीच राहिली.

तांडेलाने पैसे, वेळ, काही न विचारता नांगर ओढायला सांगितले. परतताना तो मामांच्या शेजारी बसला आणि दोघांत वाऱ्याविषयी बोलणे झाले. कोणत्या दिशेचा ढग पाणी धरतो, कोणता नुसताच फिरतो, दूरध्वनीवरच्या अंदाजात तासाभराची चूक कशी होते आणि तेवढ्यात काय काय जाते, यावर दोघांचे पूर्ण एकमत होते. एकाची जाळी समुद्रात आणि दुसऱ्याची शेडात, एवढाच काय तो भेद. गाबीत समाजातील या माणसाने सांगितले की गेल्या हंगामात वादळाच्या इशाऱ्यामुळे त्याची होडी बरेच दिवस किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागली आणि ते दिवस पर्यटकांच्या गर्दीचेच होते. मामांनी विचारले, ‘मग काय केलंसा?’ तांडेल म्हणाला, ‘काय करतलंय? बसलंय आणि आभाळाकडे बघलंय.’ मामांनी मान हलवली. शेडवरून पुन्हा दूरध्वनी आला तो होडी धक्क्याला लागताना: चार थेंब पडले होते, कागद सुटले होते, ढग पूर्वेला निघून गेला होता आणि गडी विचारत होता की आता कागद गुंडाळायचे का.

‘आणि थोडा येळ थांबलो असतो तर चाललं असतं की,’ असे मामा लगेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला नेहमीचा बाजारी सूर परत आल्याचे सर्वांना बरे वाटले.

धक्क्यावर हिशेब झाला. सहल ठरलेल्या वेळेपूर्वी आटोपली, सबब न पाहिलेल्या माशांचे पैसे वजा व्हावेत, असा युक्तिवाद अडत्यांनी केला. गुरुजींनी न टाकलेल्या पावाचा वेगळा दाखला दिला. आणि मामांनी या दोघांच्या पाठीमागून किलोभर हिरवा बेदाणा तांडेलाच्या हातात दिला, ज्यामुळे युक्तिवादाचा पायाच ढासळला. तांडेलाने चार मणी तोंडात टाकले, सावकाश चावले, चेहऱ्यावर माल अगदीच सामान्य असल्याचा भाव ठेवला आणि अडत्यांकडे वळून म्हणाला, ‘ठरल्ले पैशे द्या. मिशयेचे वेगळे लावूक नाय.’